हेल्काची डावखुरी

मला इथल्या जंगलात सगळे 'डावखुरी' म्हणतात. कारखान्यात माझ्या नळीवर एक लांबलचक आकडा कोरला होता, पण त्या नावाने मला आजवर कुणी हाक मारलेली नाही. मी शिकारीची रायफल. माझा बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलणारी ती पोलादी मूठ, डाव्या अंगाला आहे. माझ्या बहुतेक बहिणींचा उजव्या अंगाला असतो. फरक काय तो एवढाच. पण त्यापायी मी दोन हिवाळे दुकानात पडून राहिले, आणि हेल्का भेटली तीही त्यामुळेच.

जन्माची हकिगत थोडक्यात सांगते. फिनलंडच्या दक्षिणेकडच्या एका कारखान्यात पोलादाच्या दांड्याला आरपार भोक पाडलं, चारी बाजूंनी हातोडे घालून तो ठोकला आणि माझी नळी घडवली. आत पिळाच्या खाचा उमटल्या. त्या खाचांमुळे गोळी गिरकी घेत सरळ जाते. खांद्याला टेकतो तो दस्ता बर्चच्या लाकडाच्या पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवून केला. असा दस्ता पावसात फुगत नाही, थंडीत पिळत नाही. शेवटी एका बाईने कानांवर टोप्या चढवून माझ्यातून काही गोळ्या झाडल्या, लांबच्या कागदाकडे पाहिलं आणि म्हणाली, "ही चांगली आहे." लगेच तिने पुढची रायफल उचलली. माझ्या वाट्याला आलेलं पहिलं कौतुक ते. बराच काळ मला तेवढ्यावरच भागवावं लागलं.

उत्तरेकडे कायानी गावात नदीच्या पुलाजवळ यालमारीचं दुकान आहे. उंच, पाठीतून किंचित वाकलेला, कमी बोलणारा माणूस. एका डावखुऱ्या वनरक्षकाने त्याच्याकडे माझी मागणी केली होती. मी दुकानात पोहोचेपर्यंत त्या वनरक्षकाची बदली झाली आणि तो मला न घेताच पार वर लॅपलंडला निघून गेला. मी भिंतीवरच्या मांडणीत सगळ्यात कडेला उभी राहिले.

रायफल निवडायला आलेला माणूस मोठा पाहण्यासारखा असतो. आत शिरताच म्हणतो, "काही नाही, नुसता बघतोय." मग एखादीवर नजर ठरते. ती खांद्याला लावून दारावरच्या भुसा भरलेल्या रानकोंबड्यावर नेम धरतो. त्या बिचाऱ्या कोंबड्यावर दिवसभर कुणी ना कुणी नेम धरलेला असायचाच. मग कलिंगड वाजवून बघावं तसा बोल्ट मागेपुढे खडखडवतो आणि सगळं कळल्यासारखी मान डोलावतो. त्यानंतर हमखास हुकलेल्या शिकारीची गोष्ट निघते. यालमारीच्या दुकानात हुकलेलं जनावर दर खेपेला थोडं वाढायचं.

मलाही पुष्कळांनी उचललं. हात बोल्ट शोधत उजवीकडे जायचा, तिथे काही सापडायचं नाही. "अरेच्चा, ही उलटी आहे की!" मग हसू, आणि मी परत मांडणीत. या वागण्याची सवय झाली असं सांगणार होते, पण खोटं कशाला बोलू? झाली नाही.

वसंत आला, रस्त्यावरच्या बर्फाचा चिखल झाला, आणि एके दिवशी दुपारी हेल्का तोलोनेन दुकानात शिरली. साठीची, बुटकी, रुंद खांद्यांची बाई. हातात फुगलेली कापडी पिशवी. तिच्या मागोमाग तिचा धाकटा भाऊ ताइस्तो आला. गावच्या शिकारी टोळीचा तो म्होरक्या. पण त्या दिवशी त्याचा चेहरा दात काढायला आणलेल्या माणसासारखा होता.

"डाव्या खांद्यावरून झाडायची रायफल हवीय मला," हेल्का म्हणाली.

"यालमारी, तुम्ही तरी समजवा हिला," ताइस्तो म्हणाला. "उजवा डोळा गेलाय हिचा."

"गेला नाहीये. मधोमध धुकं आहे. कडेकडेने दिसतं. तू तिथे तोंड वाकडं करून उभा आहेस, ते दिसतंय मला."

"नेम काय कडेकडेने धरतात?"

"नाही ना! म्हणून तर डाव्या डोळ्याने धरणार आहे."

मग दोघांच्या बोलण्यातून मला सगळं कळत गेलं. हेल्का तरुणपणापासून गावच्या टोळीत शिकारीला जायची, उजव्या खांद्यावरच्या रायफलीने. टोळीत शिरलेली पहिली बाई तीच. मागच्या शरदात तिच्या उजव्या डोळ्यात धुकं भरू लागलं, आणि तिला वाटलं, जंगलातच धुकं आहे. त्यातच तिने एका मूसवर गोळी झाडली. मूस म्हणजे घोड्याच्या डोक्यावरून पाहील एवढं उंच हरीण. गोळी पोटात लागली आणि ते चालत निघून गेलं. शेजारचा ओइवा आपल्या हाल्ला कुत्रीला घेऊन त्याचा माग काढत राहिला. दुसऱ्या दिवशी ते दलदलीत मरून पडलेलं सापडलं, वर कावळे. हेल्काला कुणी एका शब्दाने बोललं नाही. पण त्या हिवाळ्यात तिने मूसच्या मांसाचा घास तोंडात घातला नाही. पुढे डॉक्टरने डोळ्यातला पडदा सुटल्याचं सांगितलं, शस्त्रक्रिया झाली, धुकं मात्र राहिलं.

ताइस्तोने आवाज खाली आणला. "हेल्का, तुझ्या हातचा रस्सा खायला लोक कुठून कुठून येतात. ये ना शिकारीला, कोण नको म्हणतंय? शेकोटीवर कॉफी ठेव, पातेलं सांभाळ. बंदूक तेवढी राहू दे. मला त्या दलदलीत पुन्हा जायचं नाहीये गं."

"मलाही नाही जायचं, ताइस्तो. म्हणूनच इथे आलेय."

 यालमारीने गल्ल्याची फळी वर उचलली आणि तिला आत बोलावलं.

हेल्काने पिशवी उघडली. आतून हिवाळ्याचा जाड कोट काढून अंगात घातला, हातमोजे चढवले. बाहेर ऊन होतं. ताइस्तो बघतच राहिला.

"शिकार ऑक्टोबरात असते," ती म्हणाली. "पातळ सदऱ्यावर माप घेऊन काय करू?"

यालमारी हसला. तो हसतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

त्याने आधी एक नेहमीची रायफल तिच्या डाव्या खांद्याला दिली. बोल्ट पलीकडच्या बाजूला, त्यामुळे तिला दर वेळी हात वरून ओलांडून न्यावा लागे आणि दस्त्यावरचा गाल उचलावा लागे.

"चालवतात की लोक अशी," ताइस्तो म्हणाला.

"चालवतात. पण गाल उचलला की जनावर डोळ्यासमोरून जातं," यालमारी म्हणाला आणि त्याने कडेला माझ्याकडे पाहिलं. "एक आहे. बरेच दिवस आहे."

त्याने बाहीने माझी धूळ पुसली. हेल्काने मला घेतलं, खांद्याला लावलं. तिचाही उजवा हात आधी उजवीकडेच गेला आणि रिकामा परत आला. मला वाटलं, संपलं. आता हसू, आणि परत मांडणी. पण ती हसली नाही. त्या हाताकडे पाहून म्हणाली, "तू आता निवृत्त." मग डाव्या हाताने बोल्ट धरून मागे ओढला. अडखळत, अर्धवट, पण ओढला.

"आता डोळे मिटा," यालमारी म्हणाला. "खांद्याला लावा, गाल टेकवा. मान अवघडू देऊ नका. हं, उघडा. काय दिसतं?"

"नळी तिरकी दिसतेय."

"दस्ता लांब आहे तुम्हाला. कापावा लागेल."

कापायचा! म्हणजे मलाच की!

ताइस्तोने काडतुसाची पेटी उचलून हातात खेळवली. "आणि ही एवढीशी गोळी? मूस मारायचाय, ससा नाही. चांगली मोठी तोफ घे."

"मोठ्या तोफेचा धक्का एकदा बसला की पुढच्या वेळी माणूस चाप ओढायच्या आधीच डोळा मिटतो," यालमारी म्हणाला. "मूस काय, गोळी जागेवर लागली की हिनेही पडतो."

"एकच डोळा उरलाय, बाबा," हेल्का म्हणाली. "तो उघडा राहिलेला बरा."

पोलिसांकडून परवाना यायला काही आठवडे लागले. तेवढ्यात यालमारीने मला तिच्या अंगाची केली. करवत चालली तेव्हा झिणझिण्या आल्या, खोटं नाही सांगत. पण कापलेल्या जागी मऊ रबराची गादी बसली आणि मला हलकं झाल्यासारखं वाटलं. नळीतलं कारखान्याचं चिकट तेल त्याने चिंध्या घालून घालून काढलं. बाराचा आवाज शोषणारं एक नळकांडं पुढे चढवलं. इथे सगळेच चढवतात, कानांसाठी.

मग दुर्बीण. ताइस्तोने फोन करून मोठ्यातली मोठी सांगितली होती. हेल्काने छोटी घेतली, रुंद दिसणारी. "झाडीत मूस हाकेच्या अंतरावर येतो," ती म्हणाली. "त्याच्या नाकातले केस मोजायचे नाहीत मला." यालमारीने तिला पुन्हा कोटासकट उभं केलं आणि दुर्बीण पुढेमागे सरकवून जागा ठरवली. फार मागे राहिली तर धक्क्यासरशी भुवई फुटते. भिंतीवर वजन बांधलेली दोरी सोडली आणि दुर्बिणीतली उभी रेघ त्या दोरीशी जुळवली. सगळे स्क्रू थोडे थोडे, आळीपाळीने आवळले. एकच एकदम आवळला तर दुर्बिणीला पीळ बसतो. मी इतके दिवस भिंतीवर नुसती उभी होते. त्या दिवशी पहिल्यांदा मला आपण कशासाठी आहोत ते कळलं.

गावामागे जुन्या वाळूच्या खाणीत नेमबाजीचं मैदान आहे. तिथे आधी जवळून, मग लांबून नेम जुळवायचा. पहिली गोळी खाली आणि डावीकडे गेली. हेल्काने दुर्बिणीवरचं बटण दोन-चार टिचक्या फिरवलं, पुढची वर आली. मग काडतुसांची पाळी. तिने तीन वेगवेगळ्या पेट्या आणल्या होत्या. रायफलीचंही माणसासारखंच असतं, एकीला मानवतं ते दुसरीला पचत नाही. पहिल्या पेटीतल्या गोळ्या माझ्याकडून कागदभर विखुरल्या. दुसरीच्या बऱ्या. तिसरीच्या गोळ्यांची भोकं एकमेकांना चिकटली, एका नाण्याखाली झाकली गेली असती.

"ही हिला मानवते," हेल्का म्हणाली.

ताइस्तो 'सहज' म्हणून आला होता. बाकावर बसून भाजलेलं सॉसेज खात होता. त्याने कागदाकडे पाहिलं आणि त्याचं चावणं थांबलं. 

मी तर जुळले. आता हेल्काला जुळायचं होतं, आणि तिथे स्क्रू नव्हते.

घरी गेल्यावर तिने सगळी कामं डाव्या हाताला दिली. कॉफीची किटली, दाराची कडी, दात घासणं, कोटाची बटणं. पहिले काही दिवस स्वयंपाकघरातल्या टेबलावर कॉफीची तळी साचली. दुपारी बटाटे उकळायला ठेवले की ती मला कपाटातून काढी, आत काडतूस नाही ना हे पाही, पुन्हा पाही, आणि खिडकीतून तळ्याकाठच्या रिकाम्या होडीघराच्या खिळ्यावर नेम धरी. चाप. बोल्ट. चाप. बोल्ट. बटाटे शिजेपर्यंत हेच. माणसं आपल्या हातांशी बोलतात हे मला तिथे कळलं. "अरे गाढवा, तिकडे नाही," ती उजव्या हाताला म्हणायची. डाव्याला कधी रागावली नाही.

जूनमध्ये परीक्षा आली. मूसच्या शिकारीला जायचं तर ती द्यावीच लागते. लांबवर मूसचं चित्र, त्यावर खांद्याच्या जागी एक वर्तुळ, दीड मिनिटात चार गोळ्या, चारही वर्तुळात. बाकावर आसपासच्या गावांतले पुरुष ओळीने बसले होते.

पहिली आत. दुसरी आत. तिसरीही. वेळ सांगणाऱ्याने अर्धं मिनिट उरल्याची हाक दिली आणि हेल्काची घाई झाली. उजवा हात सुटला तो थेट उजवीकडे, बोल्ट शोधायला. तिथे काही नव्हतं. माझी नळी कलली. हेल्का सावरली, पण डावा हात बोल्टवर पोहोचतो तोच वेळ संपला. चौथं काडतूस माझ्या पोटातच राहिलं. बाकावर कुणीतरी खुदकन हसलं.

परतीच्या वाटेवर गाडीत मी मागच्या बाकावर माझ्या पेटीत होते. 

"झालं ना आता?" ताइस्तो म्हणाला. "पुरे."

"तीन आत लागल्या, ते पाहिलंस का?"

"चौथी राहिली."

"चौथी हातामुळे राहिली, डोळ्यामुळे नाही. डोळ्याला शिकवता येत नाही. हाताला येतं."

ताइस्तोने सुस्कारा टाकला. "आईच्या वळणावर गेलीस बघ."

"आणि तू कुणाच्या?"

दोघं हसली. थोडंसंच, पण हसली. मला पेटीत बरं वाटलं.

त्या उन्हाळ्यात किती बटाटे शिजले असतील कोण जाणे. ऑगस्टमध्ये ती पुन्हा त्याच मैदानावर उभी राहिली. या खेपेला अर्ध्या मिनिटाची हाक आली तेव्हा चौथी गोळी निघून गेली होती. चारही आत. बाकावर कुणी हसलं नाही. एका म्हाताऱ्याने टाळी वाजवली आणि आपण एकटेच वाजवतोय हे पाहून आणखी जोरात वाजवली.

हेल्का खाली बसली आणि माझ्या पेटीचा पट्टा उगाचच बराच वेळ बांधत राहिली.  ताइस्तो आला, त्याने कॉफीचा कप आणला होता. तिच्या उजवीकडे ठेवणार होता, मग वळसा घालून डावीकडे ठेवला.

ऑक्टोबर उजाडला. बर्च पिवळे झाले, लिंगनबेरीची लाल आंबट फळं पिकली, पहाटे गवतावर पांढरं दहिवर धरू लागलं. टोळी शेकोटीपाशी जमली, नारिंगी टोप्या, नारिंगी अंगरखे. ताइस्तो प्रत्येकाला बसायची जागा वाटून देत होता. हेल्काची वेळ आली तेव्हा तो जरा थांबला.

"तुझी जुनीच जागा घे," तो म्हणाला. "दलदलीच्या कडेचा स्प्रूस."

त्या स्प्रूसच्या बुंध्याशी ती बसली, माझ्यात काडतुसं भरली, मला मांडीवर घेतलं. तास गेले. मग लांबून हाल्लाचं भुंकणं आलं आणि छातीवरच्या बिनतारी यंत्रातून ताइस्तोचा आवाज: "हेल्का, तुझ्याकडे येतोय. नर आहे. मोठा."

तो आला. फांद्या मोडत आला आणि कोवळ्या पाइनच्या झाडीमागे येऊन उभा राहिला. शिंगं दिसत होती, पाठीचा उंचवटा दिसत होता. दुर्बिणीतल्या रेघेवरचा नेमाचा लाल ठिपका त्याच्या खांद्याच्या जागेवर होता, पण मध्ये पाइनची खोडं उभी होती. हेल्काचं बोट चापावर आलं. मी दुकानातल्या त्या कोपऱ्यापासून याच क्षणाची वाट पाहत होते. ओढ, मी मनात म्हटलं, ओढ ना!

बोट मागे गेलं.

मूस थोडा वेळ तसाच उभा राहिला, मग दलदल ओलांडून निघून गेला.

"काय झालं?" यंत्रातून ताइस्तो. "बार नाही ऐकला."

"मध्ये झाडं होती. सोडला."

 मग कुणाचा तरी तरुण आवाज: "झाडं होती की धुकं?" दोघं-तिघं हसले.

त्यावर ओइवाचा घोगरा आवाज आला. "ए, मी मागच्या वर्षी दोन दिवस ती दलदल तुडवलीय, तुझे बूट कोरडे होते. ती झाडं म्हणते ना? मग झाडं."

मी मात्र रुसले होते. खरंच सांगते, त्या दुपारी मला हेल्काचा राग आला होता.

शिकार थांबली, माणसं शेकोटीकडे वळली. ताइस्तो तिकडे न जाता सरळ त्या पाइनच्या झाडीत गेला. मूसचे खूर उमटले होते तिथे उभा राहिला आणि हेल्का बसली होती त्या दिशेने पाहिलं. हेल्का अजून तिथेच होती, नारिंगी टोपीत, पण त्याला तिची टोपीसुद्धा धड दिसत नव्हती. मध्ये नुसती खोडंच खोडं. तो परत आला, तिच्याजवळ थांबला.

"मी असतो तर झाडली असती," तो म्हणाला.

"माहितेय मला."

"गोळी खोडावर आपटून कुठे गेली असती देव जाणे." तो बुटाच्या टोकाने शेवाळ उकरत राहिला. "उद्याही इथेच बस."

तेव्हा कुठे माझा रुसवा गेला. नळी कितीही सरळ असली तरी बोट कधी मागे घ्यायचं, हे मला कुठल्या कारखान्यात शिकवलं नव्हतं.

दुसरा दिवस गारठ्याचा आणि लख्ख. हेल्काच्या श्वासाची वाफ दुर्बिणीवर येऊ नये म्हणून ती मान वळवून श्वास सोडत होती. हाल्लाचं भुंकणं सुरू झालं, थांबलं, पुन्हा सुरू झालं. आता जवळून. ओइवा दबक्या आवाजात म्हणाला, "निघाला. चराच्या कडेकडेने धावतोय."

तोच नर होता. दुडक्या चालीने तो चराच्या कडेने येत होता, शिंगांवर ऊन घेऊन. पुढे झाडी संपून एक मोकळी पट्टी होती. हेल्काने मला उचललं. खांदा, गाल, डावा डोळा. मान अवघडली नाही, नळी तिरकी दिसली नाही. तो मोकळ्यात आला तशी ती मोठ्याने ओरडली, "ओ!"

मूस थांबला. मान वळवली.

मी बोलले.

त्याने पुढचे पाय झाडले आणि धावत सुटला. आणि तेवढ्यात काय झालं ते ऐका. माझा बोल्ट मागे गेला, पुढे आला, नवं काडतूस आत बसलं, आणि लाल ठिपका पुन्हा त्याच्या खांद्यावर होता. गाल हलला नव्हता. उजवा हात जागचा ढळला नव्हता. बोल्ट कुणी ओढला हे खुद्द हेल्कालाही कळलं नाही. दुसरी गोळी झाडावी लागलीच नाही. चराच्या पलीकडे मूसचे पाय दुमडले आणि तो कुशीवर पडला. पुन्हा हलला नाही.

ती लगेच गेली नाही. वाट पाहिली. मग यंत्राचं बटण दाबलं.

"पडला," ती म्हणाली. "मूस पडला, ताइस्तो. एकाच गोळीत. इथेच, माझ्यासमोर."

मी मारते, हे मी लपवत नाही. पण जे मारायचं ते असं, त्याला कळायच्या आत, एवढं मात्र मला हवं असतं. हेल्काने हातमोजा काढून त्याच्या गरम मानेवर हात ठेवला आणि काही वेळ तशीच बसली.

एकेक करून सगळे आले. हाल्लाने येताच मूसच्या केसांत तोंड खुपसलं. ओइवाने शेपटाकडून शिंगापर्यंत फेरी मारली आणि नुसतं "वा वा वा" म्हणत राहिला. कालचा तो तरुण आवाजाचा गडी टोपी हातात घेऊन मागे उभा होता. हेल्का त्याला म्हणाली, "धुकं नव्हतं ना रे आज?" तो कानापर्यंत लाल झाला आणि मग सगळ्यांबरोबर हसला.

ताइस्तो शेवटी आला. त्याने टोपी काढली. शिकार पाडणाऱ्याचा हात हातात घ्यायची इथली पद्धत आहे. त्याने उजवा हात पुढे केला, थांबला, तो मागे घेतला आणि डावा पुढे केला.

"अभिनंदन, ताई," तो म्हणाला. एरवी तो तिला नावानेच हाक मारतो.

शरद संपता संपता गावच्या सभागृहात मेजवानी झाली. मी काही तिथे नव्हते. रायफलीला मेजवानीचं बोलावणं नसतं. पण दुसऱ्या दिवशी ओइवा हेल्काच्या स्वयंपाकघरात बसून बटाटा-लिंगनबेरी भरलेल्या भाकऱ्या खात सगळं पुन्हा सांगत होता आणि कपाटाचं दार उघडं होतं. पातेलं त्या वर्षी ताइस्तोने सांभाळलं होतं, कमरेला फडकं बांधून. रस्सा खारट झाला होता. सगळं गाव ओरडत होतं की पुढच्या वर्षी पातेलं हेल्काकडे द्या. आणि हेल्का म्हणाली, "मला वेळ नाही, मी जंगलात असते." तिने मात्र तोच खारट रस्सा दोन वाट्या खाल्ला होता, मांसासकट.

त्याला आता काही वर्षं झाली. माझ्या दस्त्यावर ओरखडे आहेत, बोल्टची मूठ तिच्या बोटांनी घासून पांढरी पडलीय. मला त्या पांढऱ्या जागेचा अभिमान आहे. ताइस्तोचे गुडघे धरले तेव्हा टोळीने नवा म्होरक्या निवडला. हेल्काला. आता जागा ती वाटते, आणि स्वतःसाठी वाऱ्यातली, गारठ्याची जागा घेते. हाल्ला म्हातारी होऊन चुलीपाशी झोपते. तिची लेक पुढे धावते.

तुम्ही कधी रायफल घ्यायला गेलात तर एवढं करा. मित्रांचं ऐकून मोठी तोफ घेऊ नका. आपला जाड कोट बरोबर न्या. डोळे मिटून खांद्याला लावा आणि उघडल्यावर काय दिसतं ते खरं खरं सांगा. घरी आणल्यावर ओली तशीच कपाटात ठेवू नका, गंज आम्हाला आतून खातो. आणि मध्ये झाडं असतील तर बोट मागे घ्या. आम्ही रुसतो, पण तेवढ्यापुरतंच.

आज सकाळी दहिवर पडलंय. हेल्का एका पडलेल्या ओंडक्यावर बसलीय, मी तिच्या मांडीवर आहे. यंत्रातून एकेक आवाज येतोय, "बसलो", "बसलो", "मीही बसलो", आणि ती प्रत्येकाला नावाने "बरं" म्हणतेय. टेकडीपलीकडे काहीतरी मोडल्याचा आवाज झाला. हाल्लाची लेक भुंकायला लागलीय.

आता मी गप्प बसते.